दोर टाक

मी कोळ्याचा पोरगा आणि मला पाण्याची भीती वाटते. हे एकदा बोलून टाकलं की बाकीचं सांगायला बरं पडतं. लोक आपली कहाणी सत्तरीला लिहितात. मी अजून तिशीलाही टेकलेलो नाही, पण आमच्या मोबाईलवरच्या खेळात पंचविशी ओलांडली की बोटांना गंज चढतो आणि सतरा वर्षांची पोरं "काका, जरा सरका" बोलतात, म्हणून मी म्हाताराच. शिक्षणाचं विचाराल तर आठवी. तेव्हा आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असा कायदा होता, म्हणजे ती आठवीसुद्धा माझी नव्हे, सरकारची. नववीत पहिल्यांदा खरा पेपर समोर आला आणि मी उठून घरी आलो तो आलोच.

आमचं घर चौलच्या पुढे, किनाऱ्यापासून दुसऱ्या रांगेत. भरती चढली की स्वयंपाकघराच्या भिंतीमागे धाड धाड आवाज यायचा आणि मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून किणकिणायची. घरातले सगळे त्या आवाजात मस्त घोरायचे. मी मात्र लाटा मोजत पडायचो. माझा हिशोब असा, की शंभरपर्यंत पाणी दारात आलं नाही म्हणजे आज आपण वाचलो. शंभरापर्यंतच मोजता येत होतं, म्हणून परत एकपासून. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असायचे, जबडे एकमेकांत अडकवून, आणि मला ते सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटायचं. आय जवळ्यात कांदा-कोकम घालून तव्यावर परतायची, वर तांदळाची गरम भाकरी. वासाने भूक लागायची आणि त्याच वासाने आठवायचं, की हे सगळं पाण्यातनं येतं, आणि आणायला एक दिवस मला जावं लागणार आहे. बा आमचा नाखवा, स्वतःची बोट. नाखव्याचा एकुलता एक पोरगा दुसरीकडे जाणार कुठे?

नऊ वर्षांचा होतो तेव्हा सुट्टीत बाने मला बोटीवर नेलं. बरोबर चार खलाशी, त्यातला एक बबनकाका. बबनकाका म्हणजे बाच्या मामाचा पोरगा, आडदांड, आवाज असा की भोंगा नसला तरी चालेल. मला मागे दोराच्या वेटोळ्यावर बसवलं होतं. "हललास तर जाळ्यात घालीन," बा बोलला. मी कशाला हलतोय? दोन्ही हातांनी दोर धरून बसलेलो. सकाळचं ऊन होतं, जाळं ओढायचं चाललं होतं, बबनकाका माझ्यापासून दोन हातांवर वाकला, बोटीने एक हिसका खाल्ला आणि बबनकाका तिथे नव्हता. पाण्यात त्याचं डोकं दिसलं, गेलं, परत दिसलं. तो पोहणारा माणूस, पण जाळ्याची रस्सी पायात आली होती. दोर माझ्या हातात. खरंच हातात. नुसता फेकायचा होता. आणि माझे हात काही उघडेनात. मी बघत राहिलो. ओरडलोही नाही.

बाने इंजिन मोकळं सोडलं, बोट वळवली, दुसऱ्या खलाशाने बांबू पुढे केला आणि बबनकाकाला वर घेतलं. तो पालथा पडून पाणी ओकत होता. बाने मला विचारलं, "दोर तुझ्याजवळ होता ना रे?" मी बोललो, "मी झोपलेलो." एक सणसणीत बसली. झोपल्याबद्दल. आणि त्या दिवसापासून अख्ख्या कोळीवाड्यात माझं नाव पडलं झोप्या. मंगेश हे नाव फक्त रेशनकार्डावर राहिलं. कोणी "ए झोप्या" हाक मारली की मी हसायचो, आणि हसता हसता दुसरीकडे बघायचो. कारण खरं नाव झोप्या नव्हतंच. खरं काय ते माझं मला ठाऊक होतं.

आमच्या गेमच्या लीगचं आता तुम्ही बघताच. संघांना मालक आहेत, पोरांना डाएट आहे, डोकं शांत ठेवायला एक मॅडम ठेवलेल्या आहेत. पण लीगचा जन्म आमच्या जाळ्यांच्या शेडमध्ये झाला, हे आता लीगच्या कुठल्याही कागदावर सापडणार नाही. पावसाळ्यात मासेमारीची बंदी असते. बोटी वर ओढलेल्या, ताडपत्री घातलेल्या, आणि पोरं रिकामी. पत्ते खेळून भांडणं व्हायची, एकदा तर विळा निघाला. तेवढ्यात तो मोबाईलवरचा गेम आला. चारचौघांचा एक संघ, असे बरेच संघ विमानातून एका बेटावर उड्या मारतात, हत्यारं शोधतात, आणि बाहेरून एक निळं कुंपण आत आत सरकत येतं. बाहेर राहिला तो मेला. शेवटी जो संघ उरला तो जिंकला. तीन कोळीवाड्यांचे मिळून सहा संघ झाले. रेंज फक्त बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला यायची, म्हणून सगळे तिथे मासळीचे टब पालथे घालून बसायचे. पंच होता बबनकाका. त्याला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आवाज मोठा म्हणून पंच. कोणी कुरकुर केली तर बोलायचा, "मी बोललो मेला, तर मेला!" बक्षीस एक जिताडा मासा. समुद्र बंद म्हणून खारेपाटातल्या तळ्यातला, हाताएवढा.

दुसऱ्या बंदीत आगऱ्यांचे संघ आले, उरणचे आले, माणगावहून तर एक संघ छोट्या टेम्पोत बसून आला. बर्फवाल्याने जनरेटर दिला. मग नवी मुंबईची एक कंपनी आली, बॅनर लावले, नियमांचं पुस्तक दिलं, बबनकाकाला मानाची खुर्ची देऊन पंचाच्या जागेवरून उठवलं, आणि जिताड्याच्या जागी कप ठेवला. आय बोलली, "याचं कालवण कसं करायचं?" मधे एकदा सरकारने तो गेमच बंद केला. तेव्हा वाटलं संपलं सगळं. पण तो दुसऱ्या नावाने परत आला आणि लीग उलट दुप्पट फुगली. नाव ठेवलं किनारा लीग. आमचा संघ चौघांचा. कॅप्टन जागृती, मासळीबाजारात बसणाऱ्या शेवंतामावशीची पोरगी, आईच्याच जिभेची. तौफिक, रेवदंड्याचा, नेम असा की विचारू नका. नितेश, आगरी, बाप ट्रकवर, हा दिवसाला चार शब्द बोलायचा. आणि मी. पडद्यावर माझं नाव झोप्याच. जागृतीने परस्पर टाकलं होतं.

आमच्या संघात बोट मी चालवायचो. जागृतीने पहिल्याच दिवशी ठरवलं. "नाखव्याचा पोरगा हायस, बोट तू नाय चालवणार तर काय नितेश चालवेल ट्रकवानी?" कोणत्या तोंडाने सांगू, की मला फोनमधली बोटसुद्धा लागते? हसू नका. पडद्यावर पाणी हलायला लागलं की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. मी खिशात लिंबू ठेवायचो आणि बोट आली की चावायचो. प्रेक्षकांना वाटायचं, काय थंड डोक्याचा पोरगा आहे, लिंबू चोखत खेळतो. एका बॅनरवर माझा फोटो लिंबासकट छापला होता.

मग कंपनीने जाहीर केलं, की पुढच्या वर्षापासून लीग व्यावसायिक. संघ मालक विकत घेणार, पोरांना नवी मुंबईत घर, शिकवायला माणूस, महिन्याचा पगार. आणि किनाऱ्यावरून एकच संघ घेणार, जो या वर्षी जिंकेल तो. त्याच आठवड्यात बाने जेवताना सांगितलं. बोंबलाचं कालवण होतं, वांगं घातलेलं. तो ताटातून मान वर न करता बोलला, "ही बंदी शेवटची. घेतला तुना तर जा बापडा. न्हाय घेतला, तर पुनवेचा नारळ पडला की दुसऱ्या दिवशी बोटीवर. बबनचा गुडघा गेलाय. मना मागं माणूस पायजे."

मागे. दोराच्या वेटोळ्याजवळ. माझा घास घशातच राहिला. आय बोलली, "काटा लागला काय?" मी मान हलवली. त्या दिवसापासून मी असा खेळलो की तौफिकला संशय आला. "भाई, तू घाबरके खेळतोय की गुस्सेमे?" मी बोललो, जिंकायचं आहे. बाकीचे तिघे मिळवायला खेळत होते. मी एकटा पळायला खेळत होतो.

शेवटचा सामना मुंबईत, मोठ्या हॉलमध्ये. बाकीचे मांडव्याहून रो-रो बोटीने तासाभरात गेले. मी पोट बिघडल्याचं सांगितलं आणि पेण-पनवेल करत एसटीने गेलो. पाच तास. पोहोचलो तेव्हा पोट खरंच बिघडलेलं. हॉलमध्ये एवढा गारवा, की बर्फाच्या कारखान्याची आठवण आली. कानावर मोठे हेडफोन, तोंडापुढे माइक, आणि आम्ही आपसात जे बोलू ते हॉलला आणि घरी बघणाऱ्यांना ऐकू जाणार, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. इकडे आमच्या शेडमध्ये पांढरं कापड ताणून अख्खा कोळीवाडा बसला होता. बा, आय, शेवंतामावशी, आणि मानाच्या खुर्चीत बबनकाका.

शेवटच्या डावात दोन संघ उरले, आम्ही आणि पनवेलकडचा एक. आमचा नितेश गेला, मग तौफिक गेला. त्यांचे तीन गेले. म्हणजे आम्ही दोघं आणि त्यांचा एक. निळं कुंपण सरकत सरकत एका खाडीवर आलं. जागृती ओरडली, "झोप्या, बोट घे!" मी लिंबू चावलं आणि बोट घेतली. पाऊस पडावा तसा आवाज कानात, पाणी वरखाली, आणि समोर वीस हातांवर तो त्यांचा शेवटचा माणूस. पाण्यात. गेममध्ये पोहणाऱ्याला हत्यार चालवता येत नाही. म्हणजे तो फुकटचा. जागृतीची बंदूक तयार होती, मला बोट फक्त सरळ न्यायची होती, बस.

त्याचं डोकं दिसलं. गेलं. परत दिसलं.

मी इंजिन सोडलं. आमच्यात माणूस पाण्यात पडला की पहिलं इंजिन सोडतात, पंखा लागू नये म्हणून. मग बोट वळवून वाऱ्याच्या बाजूने आडवी घालतात, म्हणजे लाट बोटीवर फुटते आणि माणसाला शांत पाणी मिळतं. तो कोणाचा आहे, वैरी आहे की सोयरा, ते वर घेतल्यावर बघायचं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, बाला करताना एकदाच बघितलं होतं. मी बोट त्याच्यापुढे आडवी घातली, अशी सुंदर घातली की बाने पाठ थोपटली असती, आणि जागृतीची बंदूक होती दुसऱ्या अंगाला. आणि मी ओरडलो, "दोर टाक! दोर टाक गो त्याला!"

"काय?" जागृती. "कसला दोर? मार! झोप्या, वळव बोट!"

"तो बुडतोय! दोर टाक!"

"मेल्या, वळव!"

माझे अंगठे पडद्यावर होते तसेच राहिले. तो पनवेलचा पोरगा आमच्या बोटीच्या आडोशाने शांतपणे धक्क्याच्या पायरीला लागला, वर चढला, बंदूक काढली आणि आधी तिला, मग मला. हॉलमध्ये हशा. एवढा मोठा हशा मी आयुष्यात कधी कमावला नाही, आणि मी तर हसवूनच जगलेला माणूस. जागृतीने हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तौफिक मान खाली घालून बसला. नितेश बोलला, "जाऊ दे." त्याचे त्या दिवसाचे ते दोनच शब्द.

परतताना मला एसटी मागायची हिंमत नव्हती. तिघांबरोबर रो-रोत चढलो. मधोमध उभ्या केलेल्या एका पिकअपला पाठ लावून डोळे मिटून बसलो. खाली पाणी आपटत होतं आणि मांडवा येईपर्यंत मी मोजत होतो, एक ते शंभर, परत एक.

घरी पोचलो तर आयने काही न विचारता ताट वाढलं. वालाचं बिरडं होतं. बा समोर बसून जाळ्याची सुई ओवत होता. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. वाटलं, आता विचारणार. दोराचं विचारणार. पंधरा वर्षांपूर्वीचं बाहेर काढणार. तो बोलला, "बोट चांगली घातलीस." आणि थोड्या वेळाने, "पुनवेला आठ दिस ऱ्हायले." त्या आठ दिवसांत मी जेवलो काय आणि झोपलो काय, आठवत नाही. झोप्या नावाच्या माणसाला झोप नाही. पळून पुण्याला जायचं ठरवलं, एसटीचं वेळापत्रकही बघितलं. पुण्यात समुद्र नाही एवढीच माझी पुण्याबद्दलची माहिती.

एका दुपारी शेडकडून जात होतो. बबनकाका एकटाच फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसलेला, गुडघ्याला फडकं बांधलेलं. "ए लिंबू," त्याने हाक मारली. "हिकडं ये."

मी गेलो. त्याने जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. धरून बसलो.

"त्या दिशी दोर टाक दोर टाक कोनाला बोललास?"

"त्या गेममधल्या पोराला."

"न्हाय," तो बोलला. सुई चालूच. "मना बोललास. मी वळखला. आवाज तोच असता, जर तेव्हा निघाला असता."

माझ्या कानात भरती चढली. मी बोललो, "काका, मी तेव्हा झोपलेलो."

"झोपलेलास? डोळे ह्ये एवढे करून?" त्याने दोन बोटांनी स्वतःचे डोळे फाकवून दाखवले. "अरे, पाण्यात पडल्या माणसाला दुसरं काम काय? वरच्यांची तोंडं बघत ऱ्हातो. मी तुझंच बघत होतो. दोर तुझ्या मुठीत होता, आणि तुझी मूठ अशी पांढरी पडलेली."

मी जाळं सोडलं. त्याने परत हातात दिलं.

"मग बाला का नाय सांगितलंस? एवढी वर्षं?"

"काय सांगू? पोरगा घाबरला, असा सांगू? मी काय पाण्यात गाणी गात होतो?" तो हसला, त्याचं ते भोंग्यासारखं. मग हळू बोलला, आणि बबनकाका हळू बोललेला मी तेवढाच ऐकला. "मी पण लई घाबरलेलो रे मंग्या. त्याच्यानंतर सहा महिने बोटीवर चढताना माझं पाय लटपटायचं. कोणाला बोललो न्हाय. घाबरल्यानं घाबरल्याची चहाडी करायची व्हय?"

बरं वाटलं म्हणाल तर नाही वाटलं. भीती तशीच होती, तेवढीच, फक्त तिला आता दोन माणसं होती. पुनव झाली, सोन्याचा कागद लावलेला नारळ पाण्यात पडला, बायका नाचल्या, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना मी बोटीवर चढलो. पुण्याची एसटी सुटली. बबनकाका गुडघा घेऊन पुढे बोटीच्या टोकाला, नाळेवर बसला होता, "एक फेरी बघायला आलो" बोलला. मला मागे बसवलं, वेटोळ्याजवळ. खाडीचं तोंड सुटायच्या आत मी ओकलो, आणि वाऱ्याकडे तोंड करून ओकलो, म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या. खलाशी पोट धरून हसले.

लीग पुढे फार मोठी झाली. जागृतीला एका मालकाने एकटीलाच उचललं, आज ती त्या संघाची कोच आहे. माझ्याशी ती दीड वर्ष बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. तौफिक कुवेतला गेला, नितेश बापाच्या ट्रकवर. त्यांची घरं, त्यांचा पगार, ते सगळं त्या खाडीत मी बुडवलं. याच्यावर मला अजून विनोद सुचलेला नाही. माझं ते ओरडणं मात्र मोबाईल मोबाईल फिरलं, आणि पुढच्या बंदीत कंपनीचा फोन आला, की आमच्या बोलीत सामन्याचं वर्णन करायला माणूस पाहिजे, जोरात ओरडणारा. म्हणून आता बंदीचे दोन महिने मी हॉलमध्ये माइकवर असतो आणि बाकीचे दहा बोटीवर. गेममधला कोणी पाण्यात उतरला, की हॉलभर पोरं एका सुरात ओरडतात, "दोर टाक!" त्यातल्या बऱ्याच जणांना हे कुठून आलं ते माहीतही नाही. मी पण ओरडतो. पगार त्याचाच आहे.

बोटीवर माझी जागा तीच. रोज भीती वाटते, रोज पहिली उलटी खाडीच्या तोंडाशी. एकदा खरोखर एक जण पडला, दुसऱ्या बोटीचा, आणि मी दोर टाकला. चुकीच्या बाजूला पडला, दुसरा टाकावा लागला. पण हात उघडले. बबनकाकाची ती एक फेरी अजून संपलेली नाही, गुडघा धरून नाळेवर येऊन बसतोच. इंजिन सुरू झालं की तिथून तो मागे न बघता भोंगा लावतो, "मंग्या, जागा हायस ना रे?" खलाशी हसतात, त्यांना वाटतं तो माझ्या झोपेवर बोलतोय. बा पण हसतो.

"हाय, काका," मी बोलतो, आणि दोराची गाठ एकदा चाचपून बघतो.